प्रथिनांवरील शर्करेची रंगपरीक्षा

१९५२ साली मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाची नोंद वैद्यकीय जगापुढे ठेवली. 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली आणि 'बॉम्बे रक्तगट' हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. या गटाच्या व्यक्तीचे रक्त नेहमीच्या प्राथमिक चाचणीत 'ओ' गटाचे भासते. तथापि तिला 'ओ' गटाचे रक्त दिले गेल्यास तिच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या रक्तातील तांबड्या पेशी फोडून टाकतात आणि प्रसंगी प्राणावर बेतते. भारतात साधारणपणे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची आढळते. जगाच्या इतर बहुतेक भागांत तर हा गट याहूनही पुष्कळच विरळ आहे.

जीवनमरणाचा हा भेद एका लहानशा शर्करेवर अवलंबून आहे. तांबड्या पेशींच्या बाह्य पटलावर प्रथिनांना व स्निग्ध पदार्थांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्यूकोज नावाची शर्करा जोडली गेली म्हणजे 'एच' हा मूळ घटक तयार होतो. त्यावर एका प्रकारची शर्करा चढली की रक्त 'ए' गटाचे, दुसऱ्या प्रकारची चढली की 'बी' गटाचे आणि काहीच चढले नाही तर 'ओ' गटाचे होते. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत फ्यूकोज जोडणारे विकर, म्हणजे एंझाइम, कार्य करीत नाही. पायरीच नसल्याने पुढची शर्करा चढण्याचा प्रश्न उरत नाही. 'ए' व 'बी' यांचा शोध घेणाऱ्या चाचणीत असे रक्त साहजिकच 'ओ' ठरते, कारण 'एच' आहे की नाही हे त्या चाचणीने विचारलेलेच नसते.

प्रथिनांच्या अंगावरील शर्करा अशी महत्त्वाची असेल, तर ती प्रयोगशाळेत दिसावी कशी? प्रथिने दाखविणारे रंग पुष्कळ आहेत; पण त्यांतील बहुतेकांना शर्करा दिसत नाही. यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी जी निराळी वाट काढली, तिचा परिचय येथे करून देण्याचा उद्देश आहे.

शर्करायुक्त प्रथिने म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो अम्लांची लांब साखळी, हे शालेय पुस्तकांतून परिचित आहे. पेशीच्या आत ही साखळी तयार होत असताना किंवा झाल्यानंतर तिच्यावर ठरावीक ठिकाणी शर्करांच्या फांद्या बसविल्या जातात. अशा प्रथिनांना शर्करायुक्त प्रथिने किंवा ग्लायकोप्रोटीन म्हणतात. काही फांद्या ॲस्पॅरजीन या अमिनो अम्लाच्या नायट्रोजनला जोडलेल्या असतात, तर काही सेरीन व थ्रिओनीन यांच्या ऑक्सिजनला. फांद्यांमध्ये मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज यांसारख्या शर्करा येतात आणि पुष्कळदा अगदी टोकाशी सायालिक अम्ल असते. हे सायालिक अम्ल ऋण विद्युत्भार बाळगते. तांबड्या पेशी रक्तवाहिनीत एकमेकींना चिकटून गोळा होत नाहीत, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यालाच द्यावे लागते.

मानवी शरीरातील निम्म्याहून अधिक प्रथिने या वर्गात मोडतात, असा एक अंदाज आहे. रक्तद्रवातील प्रतिपिंडे, लाळेतील बुळबुळीत म्यूसिन, अंड्याच्या पांढऱ्या बलकातील ओव्हाल्ब्युमिन ही सर्व त्यांतलीच. शर्करेचे प्रमाण मात्र सर्वत्र सारखे नाही. ओव्हाल्ब्युमिनमध्ये ते जेमतेम तीनचार टक्के भरते. रक्तद्रवातील आल्फा-१ अम्ल-ग्लायकोप्रोटीनमध्ये ते चाळीस टक्क्यांच्या वर जाते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मधुमेहाच्या तपासणीत हिमोग्लोबिनला चिकटलेली शर्करा मोजतात, ती निराळी. तेथे रक्तातील वाढलेले ग्लुकोज आपोआप प्रथिनाला चिकटते. येथे ज्या फांद्यांचा विचार चालला आहे, त्या पेशी स्वतःच्या विकरांकरवी हेतुतः जोडीत असते.

निळ्या रंगाला न दिसणारे प्रथिन

प्रथिनांचे मिश्रण वेगळे करण्याची प्रयोगशाळेतील सर्वांत प्रचलित रीत म्हणजे जेलमधील विद्युत् संचारण. पॉलिॲक्रिलामाइड नावाच्या बहुवारिकाचा पारदर्शक, लिबलिबीत थर दोन काचांमध्ये जमवितात. त्याच्या वरच्या कडेस लहान खाचा असतात. त्यांत नमुना भरून विद्युत्प्रवाह सोडला की प्रथिने जेलच्या सूक्ष्म जाळीतून खाली सरकू लागतात. लहान रेणू चटकन पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. नमुन्यात एसडीएस हा साबणासारखा पदार्थ मिसळलेला असल्याने सर्व प्रथिने उलगडतात व ऋणभारित होतात. त्यामुळे ती मुख्यतः आकारमानानुसार विभागली जातात. १९७० साली लेमली यांनी 'नेचर'मध्ये वर्णिलेली या पद्धतीची रचना आजही जगभर वापरात आहे.

विभागलेली प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत. ती रंगवावी लागतात. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा रंग म्हणजे कूमासी ब्ल्यू. हा मूळचा लोकर रंगविण्याचा रंग. आजच्या घाना देशातील कुमासी या शहरावरून त्याचे नाव पडले आणि १९६३ पासून तो प्रथिनांसाठी उपयोगात आला. लोकर हेही प्रथिनच असल्याने यात आश्चर्य काही नाही. अर्जिनीन, लायसीन यांसारख्या धनभारित अमिनो अम्लांना तो धरतो. प्रथिन जेथे असेल तेथे जेलमध्ये निळा आडवा पट्टा उमटतो.

१९७१ साली फेअरबँक्स, स्टेक व वॉलाक या अमेरिकेतील संशोधकांनी मानवी तांबड्या पेशीच्या पटलातील प्रथिने याच रीतीने वेगळी केली. निळ्या रंगात उमटलेल्या पट्ट्यांना त्यांनी वरून खाली क्रमांक दिले. ते क्रमांक इतके रुळले, की त्यांतील काही प्रथिनांना आजही 'बँड ३', 'प्रथिन ४.१' अशाच नावांनी ओळखले जाते. परंतु त्याच मिश्रणाचे दुसरे जेल त्यांनी शर्करा दाखविणाऱ्या रंगाने रंगविले, तेव्हा चित्र पालटले. निळ्या जेलमध्ये जेथे नोंद घेण्याजोगे काही नव्हते, तेथे ठळक किरमिजी पट्टे उमटले. पटलातील सर्वांत विपुल प्रथिनांपैकी एक प्रथिन निळ्या रंगाला जवळजवळ अदृश्य राहिले होते.

ते प्रथिन म्हणजे ग्लायकोफोरिन. प्रत्येक तांबड्या पेशीवर ते दहा लाखांच्या आसपास असते. त्याची अमिनो अम्लांची साखळी अवघी १३१ घटकांची आहे आणि एकूण वजनाचा सुमारे साठ टक्के भाग शर्करेचा आहे. झाडापेक्षा पालवी अधिक, असा हा प्रकार. प्रथिनाचा भाग शर्करांनी झाकला गेलेला, त्यातच सायालिक अम्लाचा ऋणभार. मग निळ्या रंगाला धरायला जागा उरणार कोठून? निळ्या जेलमध्ये पट्टा नाही म्हणून प्रथिनच नाही, असा निष्कर्ष त्या वेळी कोणी काढला असता तर तो सपशेल चुकला असता.

ग्लायकोफोरिनने आणखी एक धडा दिला. किरमिजी पट्ट्यांपैकी सर्वांत ठळक पट्टा, ज्याला 'पास-१' म्हणतात, आणि त्याच्या खालचा 'पास-२', ही दोन वेगळी प्रथिने असावीत असे कोणासही वाटले असते. पुढे असे निष्पन्न झाले की 'पास-१' म्हणजे ग्लायकोफोरिन-ए या एकाच प्रथिनाचे दोन रेणू परस्परांना चिकटून झालेली जोडी, आणि 'पास-२' मध्ये त्याचाच एकटा रेणू. ही जोडी इतकी घट्ट असते की एसडीएसलाही ती सहजी सोडविता येत नाही. शर्करायुक्त प्रथिने जेलमध्ये एरवीही सरळ वागत नाहीत. शर्करेच्या भागाला एसडीएस धरत नाही, त्यामुळे ती अपेक्षेपेक्षा सावकाश सरकतात व आहेत त्याहून जड भासतात. शिवाय एकाच प्रथिनाच्या निरनिराळ्या रेणूंवर शर्करेच्या फांद्या कमीजास्त असल्याने पट्टा रेखीव न उमटता फासल्यासारखा पसरट दिसतो. अनुभवी तंत्रज्ञ असा पसरट पट्टा पाहिला की शर्करेचा संशय घेतो.

रंग परत आणणारे रसायन

शर्करा दाखविणाऱ्या या परीक्षेला 'पास' परीक्षा म्हणतात. पर-आयोडिक अम्ल आणि शिफ यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आले. तिचे दोन भाग आहेत आणि दोन्हींचा इतिहास निरनिराळा आहे.

ह्यूगो शिफ हे जर्मनीत जन्मलेले व पुढे इटलीत काम केलेले रसायनशास्त्रज्ञ. फुक्सिन या किरमिजी रंगाच्या विद्रावात सल्फर डाय-ऑक्साइड मिसळले असता रंग नाहीसा होतो. परंतु त्या रंगहीन विद्रावाचा ॲल्डिहाइड वर्गातील पदार्थाशी संयोग झाला की किरमिजी छटा पुन्हा प्रकट होते, असे त्यांनी १८६६ मध्ये दाखविले. ॲल्डिहाइड ओळखण्याची ही खूण रसायनशाळांत तेव्हापासून चालत आली आहे.

अडचण अशी की, प्रथिनांवरील शर्करांमध्ये मोकळे ॲल्डिहाइड सहसा नसते. ते निर्माण करावे लागते. हे काम पर-आयोडिक अम्ल करते. शर्करेच्या रेणूत शेजारशेजारच्या दोन कार्बन अणूंवर एकेक हायड्रॉक्सिल गट असेल, तर हे अम्ल त्या दोन कार्बनांमधील बंध तोडते आणि तुटलेल्या टोकांशी ॲल्डिहाइड गट तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मालाप्राद यांनी १९२८ मध्ये ही विक्रिया वर्णन केली. अमिनो अम्लांच्या साखळीत अशी शेजारशेजारची जोडी सहसा नसते, म्हणून रंग शर्करेपुरता मर्यादित राहतो. १९४६ साली मॅकमॅनस यांनी या दोन गोष्टी एकत्र आणून ऊतींच्या कापांतील म्यूसिन रंगविले. रुग्णालयांच्या विकृतिविज्ञान विभागांत मूत्रपिंडाच्या ऊतीची किंवा बुरशीच्या संसर्गाची तपासणी करताना ही परीक्षा आजही नित्य वापरात आहे. जेलमधील प्रथिनांसाठी झकॅरियस व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तिची कृती निश्चित केली.

ती कृती थोडक्यात अशी. प्रथम जेल अम्लात बुडवून प्रथिने जागच्या जागी स्थिर करतात, अन्यथा ती धुतली जातील. नंतर तीन टक्के ॲसिटिक अम्लात तयार केलेल्या एक टक्का पर-आयोडिक अम्लाच्या विद्रावात ते सुमारे ५० मिनिटे ठेवतात. यापुढची पायरी धुण्याची, आणि सारी परीक्षा बहुधा तिच्यावरच तरते किंवा बुडते. पर-आयोडिक अम्लाचा अंश जेलमध्ये राहिला तर शिफच्या विद्रावाचा रंग सर्वत्र परत येतो व संपूर्ण जेल गुलाबी होऊन बसते. एसडीएसचा अंश राहिला तरी पार्श्वभूमी मलिन होते. म्हणून पाणी अनेक वेळा बदलून, वेळ पडल्यास रात्रभर, जेल धुतात. घाईने केलेली 'पास' परीक्षा ओळखायला तज्ज्ञ लागत नाही; तिच्या जेलचा रंगच ते सांगतो. त्यानंतर शिफच्या विद्रावात अंधारात सुमारे ५० मिनिटे, पुढे सोडियम मेटाबायसल्फाइटच्या सौम्य विद्रावात दोनतीन धावण आणि अखेरीस पुन्हा पाणी. शर्करायुक्त प्रथिनांचे पट्टे किरमिजी दिसू लागतात.

पर-आयोडिक अम्लाचे प्रमाण बदलून परीक्षा अधिक नेमकीही करता येते. अगदी विरल विद्राव बर्फाच्या तापमानाला वापरला तर तो मुख्यतः सायालिक अम्लावरच कार्य करतो, कारण त्याच्या शेपटीतील जोडी सर्वांत सहज तुटते. तीव्रता दसपट वाढवून साध्या तापमानाला काम केले की इतर शर्कराही उघड होतात. एकच रसायन, पण थंडीत एक प्रश्न विचारते आणि उबेत दुसरा.

जुन्या शिफ परीक्षेची एक उणीव म्हणजे तिला प्रथिन बऱ्यापैकी लागते. पट्ट्यात काही नॅनोग्रॅम प्रथिन असून भागत नाही. दहापट-शंभरपट अधिक हवे असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. सन २००० नंतर शिफच्या रंगाऐवजी ॲल्डिहाइडशी संयोग पावणारी प्रकाशमान संयुगे उपलब्ध झाली. त्यांनी रंगविलेले जेल जंबुपार किरणांखाली धरले असता हिरवे पट्टे चमकतात आणि एखाद्या नॅनोग्रॅमएवढे शर्करायुक्त प्रथिनही कळून येते. याचा आणखी एक लाभ असा की त्याच जेलवर नंतर सर्व प्रथिने दाखविणारा दुसरा रंग चढविता येतो व दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवून पाहता येतात.

टीपकागदावरचा ठसा आणि कुळथाचे दाणे

'पास' परीक्षेने शर्करा आहे एवढे कळते. ती कोणती, हे कळत नाही. त्यासाठी जेलमधील प्रथिने एका कागदासारख्या पडद्यावर टिपून घेतात. ओल्या शाईवर टीपकागद दाबावा, तसेच हे आहे. फरक इतकाच की येथे टिपण्याचे काम विद्युत्प्रवाह करतो आणि कागद नायट्रोसेल्युलोजचा असतो. १९७९ साली टॉबिन व सहकाऱ्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी डीएनएचा असाच ठसा घेतला होता. त्यांच्या आडनावाचा अर्थ 'दक्षिणेकडील' असा होतो, म्हणून प्रथिनांच्या ठशाला कोणी गमतीने 'वेस्टर्न', म्हणजे 'पश्चिमेकडील', असे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले.

ठशावर शर्करा ओळखण्यासाठी लेक्टिन नावाची प्रथिने वापरतात. ही बहुतांशी वनस्पतींच्या बियांत आढळतात आणि प्रत्येक लेक्टिन ठरावीक शर्करेलाच धरते. 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून १९५४ मध्ये त्यांना हे नाव मिळाले. त्यांची यादी पाहिली तर प्रयोगशाळेपेक्षा शेतशिवाराची आठवण व्हावी. १८८८ साली स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांच्या अर्काने तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात असे दाखविले आणि या विषयाचा प्रारंभ झाला. भुईमुगाचे लेक्टिन गॅलॅक्टोजयुक्त विशिष्ट जोडीला धरते, गव्हाच्या अंकुराचे सायालिक अम्लाला व एका नत्रयुक्त शर्करेला, फणसाच्या आठळीचे सेरीन-थ्रिओनीनवरील फांद्यांना. जॅक बीन ही आपल्याकडील अबईच्या शेंगेची जवळची नातलग. तिच्यातील कॉनकॅनॅव्हालिन-ए हे लेक्टिन सम्नर यांनी १९१९ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले. ते मॅनोज व ग्लुकोज यांना धरते.

कोकणात आणि घाटावर ज्याचे पिठले आवडीने खाल्ले जाते, त्या कुळथाचे स्थान तर रक्तपेढीतच आहे. डोलिकॉस बायफ्लोरस या नावाने शास्त्रात नोंदलेल्या या कडधान्याचा अर्क 'ए' गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो, असे बर्ड यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. योग्य प्रमाणात विरल केलेला हा अर्क 'ए' गटाचे 'ए-१' व 'ए-२' हे पोटभेद निश्चित करण्यासाठी तेव्हापासून वापरला जातो. बॉम्बे गटातील 'एच'चा अभाव दाखवून देण्यासाठीही एक लेक्टिन आहे. ते युरोपातील पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झुडपाच्या, गॉर्सच्या, बियांतून मिळते व फ्यूकोज असलेल्या 'एच'ला धरते. 'ओ' गटाच्या पेशी त्याने गोळा होतात, बॉम्बे गटाच्या होत नाहीत. त्याखेरीज रुग्णाच्या रक्तरसात 'ओ' गटाच्या पेशी मिसळून पाहण्याची उलट चाचणीही करतात. बॉम्बे गटाच्या व्यक्तीचा रक्तरस त्या पेशींच्या गुठळ्या करतो आणि चूक रक्त देण्यापूर्वीच उघडकीस येते.

ठशावरील कृती याच तत्त्वावर चालते. कॉनकॅनॅव्हालिनच्या विद्रावात ठसा बुडविला की ते मॅनोजयुक्त प्रथिनांना जाऊन चिकटते. त्याच्या रेणूला शर्करा धरणाऱ्या चार जागा असल्याने काही मोकळ्या उरतात. मग ठसा पेरॉक्सिडेज या विकराच्या विद्रावात ठेवतात. हॉर्सरॅडिश या तिखट मुळापासून मिळणारे हे विकर स्वतःच मॅनोजयुक्त असल्याने मोकळ्या जागांवर अडकते. त्यास योग्य रसायन पुरविले की ते रंग निर्माण करते आणि ठशावर पट्टा उमटतो. दोन वनस्पतींची प्रथिने परस्परांना धरून तिसऱ्याची साक्ष देतात, अशी ही युक्ती आहे.

एक सावधगिरी मात्र नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ठशाच्या कागदावरील रिकाम्या जागा झाकण्यासाठी सामान्यतः साय काढलेल्या दुधाची भुकटी वापरतात, कारण ती स्वस्त व सुलभ असते. लेक्टिनच्या परीक्षेत ती चालत नाही. दुधातील काही प्रथिने स्वतःच शर्करायुक्त असतात. लेक्टिन त्यांनाच जाऊन चिकटते आणि सगळा ठसा रंगून जातो.

रंग दिसला, म्हणजे सिद्ध झाले काय?

नाही. पट्टा किरमिजी दिसण्याची कारणे एकाहून अधिक असू शकतात. शर्करायुक्त स्निग्ध पदार्थ जेलच्या पुढच्या टोकाशी धावतात व तेथे रंग घेतात. जेल स्थिर करताना ग्लूटारॅल्डिहाइड वापरले गेले असेल, तर त्यातलेच ॲल्डिहाइड शिफच्या विद्रावास फसविते. म्हणून जबाबदार प्रयोगशाळेत नमुन्याशेजारी साक्षीदार चालविले जातात. एक शर्करा असलेले ज्ञात प्रथिन, बहुधा वर उल्लेखिलेले पेरॉक्सिडेज. दुसरे शर्करा नसलेले, उदाहरणार्थ सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक. पहिले रंगले पाहिजे आणि दुसरे कोरे राहिले पाहिजे. शिवाय जेलचा एक तुकडा पर-आयोडिक अम्ल न देता रंगवितात. त्यातही पट्टा उमटला, तर तो शर्करेचा नव्हे.

लेक्टिनसाठी साक्षीदार निराळा. त्याच्या विद्रावात आधीच मोकळी शर्करा भरपूर मिसळली तर त्याच्या जागा व्यापल्या जातात व ठशावरचा पट्टा नाहीसा व्हायला हवा. तसा तो झाला नाही तर लेक्टिन शर्करेला नव्हे, अन्य कशाला तरी चिकटले आहे, असे समजावे. सर्वांत खात्रीचा पुरावा मात्र विकराने मिळतो. पीएनगेज-एफ हे जिवाणूपासून मिळणारे विकर ॲस्पॅरजीनवरील फांद्या छाटून टाकते. छाटलेले प्रथिन हलके होऊन जेलमध्ये खाली सरकते आणि त्याच वेळी त्याचा किरमिजी रंग जातो. रंग गेला आणि पट्टा उतरला, या दोन गोष्टी एकत्र घडल्या की शंकेला फारशी जागा राहत नाही.

या कामात वापरली जाणारी द्रव्ये निरुपद्रवी नव्हेत. जेल जमण्यापूर्वीचे ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना अपायकारक आहे, मिथेनॉल विषारी आहे आणि पर-आयोडिक अम्ल तीव्र ऑक्सिडीकारक आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा प्रयोग बसविणाऱ्या शिक्षकांनी हातमोजे व वायुवीजन यांची व्यवस्था आधी पाहावी, रंगाची नंतर.

हिवतापापासून औषधापर्यंत

ग्लायकोफोरिनचे किरमिजी पट्टे हिवतापाच्या अभ्यासातही महत्त्वाचे ठरले. घातक हिवतापाचा परजीवी प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम तांबड्या पेशीत शिरताना तिच्या पृष्ठभागावर पकड घेतो. ग्लायकोफोरिन-ए जन्मतःच नसलेल्या विरळ व्यक्तींच्या पेशी या परजीवीस दाद देत नाहीत, असे १९७० नंतरच्या दशकात आढळले. परजीवीच्या एका प्रथिनाची पकड ग्लायकोफोरिनवरील सायालिक अम्लावरच बसते, हे पुढे स्पष्ट झाले. हाच एकमेव दरवाजा नव्हे. परजीवीपाशी इतर मार्गही आहेत, आणि लस शोधणाऱ्यांचे काम त्यामुळेच अवघड झाले आहे.

औषधनिर्मितीत शर्करेचा प्रश्न अधिक रोकडा आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत रक्तक्षय होतो, कारण तांबड्या पेशींची निर्मिती वाढविणारे एरिथ्रोपोएटिन हे प्रथिन मुख्यत्वे मूत्रपिंडात तयार होते. १९७७ मध्ये ते मानवी मूत्रातून शुद्ध करण्यात आले. त्यासाठी सुमारे अडीच हजार लिटर मूत्र लागले. १९८५ मध्ये त्याचे जनुक हाती आले. इन्सुलिनवर शर्करा नसते, म्हणून ते इ. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेणे जमले व १९८२ मध्येच बाजारात आले. एरिथ्रोपोएटिनचे तसे नाही. १६५ अमिनो अम्लांच्या या प्रथिनावर चार ठिकाणी फांद्या असतात व वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग शर्करेचा असतो. जिवाणू ते बनवितो, पण उघडेबोडके. असे प्रथिन परीक्षानळीत कार्य करते. शरीरात गेल्यावर मात्र रक्तातून झपाट्याने नाहीसे होते व रुग्णास उपयोगी पडत नाही. सायालिक अम्ल गळून पडले तरी यकृत ते उचलून घेते. म्हणून या औषधासाठी चिनी हॅम्स्टर या प्राण्याच्या बीजांडकोशातील पेशी मोठ्या पात्रांत वाढवाव्या लागतात. मानवी पेशींप्रमाणे त्याही शर्करेच्या फांद्या बसवितात. या उत्पादनास अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली.

पेशींनी बसविलेल्या फांद्या माणसाच्या मूत्रपिंडातील फांद्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. या किरकोळ फरकाचा उपयोग एका वेगळ्याच ठिकाणी झाला. दमदारपणा वाढविण्यासाठी हे औषध चोरून घेणारे खेळाडू पूर्वी सापडत नसत. शर्करेतील फरकामुळे औषधी एरिथ्रोपोएटिनचा विद्युत्भार निराळा असतो, त्यामुळे विद्युत् संचारणात त्याचे पट्टे वेगळ्या जागी येतात व मूत्राच्या नमुन्यात ठशावर दाखविता येतात, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००० साली सिद्ध केले. उत्तेजकविरोधी प्रयोगशाळांतून ही तपासणी पुढे नियमित झाली.

मूळ औषधाचे स्वामित्वहक्क संपल्यावर अनेक कंपन्या, त्यांत भारतीयही, तेच प्रथिन आपापल्या पेशींकडून बनवू लागल्या. अशा समरूप जैविक औषधांसाठी केंद्र शासनाने २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली. अमिनो अम्लांची साखळी मूळ औषधासारखी असणे तेथे पुरेसे मानले जात नाही. साखळीवरील शर्कराही तपासावी लागते. फांद्यांची संपूर्ण रचना वजनमापक वर्णपटदर्शकासारख्या महागड्या यंत्रांवर ठरते. त्या यंत्रापर्यंत नमुना जाण्यापूर्वी मात्र तो बहुधा जेलवर चढतो, अर्धा निळा आणि अर्धा किरमिजी रंगविला जातो आणि शेजारच्या रांगेत शर्करा नसलेला साक्षीदार कोरा राहिला आहे ना, हे प्रथम पाहिले जाते.